लिंबाच्या खोडात गेलेली तार

आमच्या संसारात भांडणं बरीच झाली, पण मुरलेलं असं एकच होतं आणि ते एका तारेवरून होतं. अंगणातल्या आंब्याच्या खोडाला एक वेढा, तिथून सरळ समोरच्या कडुलिंबाला दुसरा वेढा, दोन्हीकडची टोकं पकडीनं पिळून घट्ट केलेली. भूकंपानंतर माझ्या मिस्टरांनी ती स्वतःच्या हातानं बांधली आणि जिवंत होते तोवर कुणाला काढू दिली नाही. ‘काढा हो ती तार’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी शेवटी त्यांना ते ऐकूच येईनासं झालं होतं.

लातूरला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तिथं नुकतंच शेत मोडलं होतं. लिंब आणि आंबा ही दोन्ही झाडं त्या शेताच्या बांधावरची, म्हणजे आमच्यापेक्षा वयानं मोठी. घर बांधताना मिस्त्री म्हणाला होता, झाडं काढली तर एक खोली वाढंल. हे पाटबंधारे खात्यात होते, जळकोटकडच्या खेड्यातले. ते म्हणाले, “खोली नको, सावली राहू दे.” मी देगलूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मलाही सावलीच हवी होती, पण तसं कबूल करायचा माझा स्वभाव नव्हता.

भूकंप झाला ती पहाट लातूरमध्ये प्रत्येकाला आठवते, म्हणून लांबण लावत नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, सगळे दमून झोपलेले. आमचं घर उभं राहिलं. खिडकीपासून छतापर्यंत एक तडा गेला, एवढंच. पण त्याच दिवशी ह्यांना मदतकार्याच्या ड्यूटीवर किल्लारीकडं पाठवलं, आणि ते परत आले ते दुसरेच कुणी होऊन आले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. आल्या आल्या अंघोळसुद्धा न करता स्टुलावर चढले, तार बांधली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि लोखंडी खाट अंगणात काढली. मग म्हणाले, “आजपासून आत कोणी झोपायचं न्हाई.”

म्हणायला लाज वाटते, पण ते दिवस सुखाचे होते. अख्खी गल्ली अंगणात राहायला आली होती. स्टोव्ह बाहेर, पाण्याचे हंडे बाहेर, पोरांचे अभ्यास बाहेर. शेजारच्या शिलाईवाल्या भाभींनी तर मशीनच बाहेर आणलं होतं, आणि त्या टकटकीच्या तालावर माझा मुलगा पाढे म्हणायचा. जमीन जरा हलली की सगळे एकदम गप्प व्हायचे आणि मग एकदम बोलायला लागायचे. मी जन्मात इतकी भ्यालेली नव्हते आणि इतक्या माणसांतही कधी नव्हते. आज त्या भीतीची आठवण आली की मला आधी माणसंच आठवतात.

थंडी पडली तसे लोक एकेक करून घरात गेले. आम्हीही गेलो. ताडपत्री घडी घालून माळ्यावर ठेवली. तार मात्र राहिली.

“काढा की ती आता.”

“राहू दे. परत लागली तर?”

“परत लागली तर परत बांधा. झाडाला रुतून राहिली ती.”

“तुला काय खायला मागून राहिली का?”

असं हे भांडण. मग मी सूड म्हणून तिच्यावर ओली धुणी वाळत घालायला लागले, तर ते म्हणाले, बघ, उपयोग झाला का न्हाई. बोलण्यात त्यांच्याशी जिंकणं अवघड होतं. एरवी शांत माणूस, पण जमिनीत जरा गुरगुरलं की माझा दंड धरून मला अंगणात ओढायचे, मुलाला काखोटीला मारायचे, आणि त्या तारेखाली आम्हाला उभं करायचे. मी चिडायचे. एकदा अंगाला साबण तसाच ठेवून, कशीबशी साडी गुंडाळून बाहेर यावं लागलं होतं. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते भाभींनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि महिनाभर मला चिडवलं.

पुढं गाव बदललं. आधी आमच्याच मुलाच्या निमित्तानं क्लासेस घरात शिरले. तो शिकला, पुण्याला गेला, तिथून हैदराबादला, आणि तिकडंच राहिला. तोवर गल्लीत दर घरावर मजले चढायला लागले होते. लांबलांबून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला लातूरला येत होत्या; कोणी किनवटची, कोणी परभणीची. कालपर्यंत ज्या अंगणात तुळस होती तिथं मेस निघाली, जिथं शेवगा होता तिथं अभ्यासिका. गल्लीतली झाडं एकामागं एक गेली. कोणी वाईट हेतूनं काढली नाहीत. खोल्या हव्या होत्या. भाभींनीही घर विकलं आणि मुलाकडं गेल्या. त्या जागी तीन मजली होस्टेल आलं.

आम्हीही क्लासच्या पोरी भाडेकरू ठेवल्या, पण हे वर मजला चढवायला काही केल्या तयार होईनात. मागं दोन खोल्या काढल्या त्याही पत्र्याच्या. “पत्रा अंगावर पडला तर माणूस जगतं,” एवढंच त्यांचं इंजिनिअरिंग. पत्र्याच्या खोल्या म्हणजे उन्हाळ्यात भट्टी, पण लिंब त्यांच्यावर असा झुकलेला होता, की दुपारीसुद्धा पोरी आत बसून पाठांतर करू शकायच्या. पावसाळ्यात त्यांच्या चपला चिखलात जातात म्हणून अंगणात शहाबादी फरशी घातली आणि झाडांच्या बुंध्यांपर्यंत सिमेंटनं मधल्या फटी भरल्या. स्वच्छ दिसायचं. मलाच आवडायचं.

हे गेले ते दवाखान्यात, पक्क्या छताखाली. हृदयाचं दुखणं होतं, जमिनीचा काही संबंध नव्हता. दिवसकार्य झाल्यावर मुलगा म्हणाला, “आई, ती तार काढून टाकू का? बाबा आता...” मी म्हणाले, राहू दे. त्याला वाटलं मला धुणी वाळत घालायला लागते. खरं म्हणजे मला ती काढवेना. इतकी वर्षं ज्या तारेसाठी भांडले ती आता कुणी अडवायला नसताना काढणं मला फसवणुकीसारखं वाटलं.

मग तो उन्हाळा आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नळ केव्हाच आटलेला, बोअर कोरडं पडलेलं, टँकरची वाट बघत घागरी दारात. क्लासच्या बऱ्याच पोरी गावी निघून गेल्या. मी एकटी आणि माझ्यापुढं दोन झाडं. आंबा आधीच सुकायला लागला होता. मी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्याला घातलं, भाजीचं घातलं, अंघोळीचं साबण न लावता वेगळं धरून घातलं. सिमेंटमध्ये खोडाजवळ वीतभर आळं होतं, त्यात ओतायचे आणि उभी राहून बघायचे. पाणी क्षणात गायब व्हायचं. मला वाटायचं, पितोय बिचारा. पावसाळा चांगला झाला तरी आंब्याला पान फुटलं नाही. मी म्हटलं, दुष्काळानं नेला. सगळ्यांचं काही ना काही नेलं होतं त्या साली, माझा आंबा नेला.

वाळलेला आंबा पडायच्या भीतीनं काढायचं ठरलं. कापणाऱ्यानं यंत्र लावलं, फांद्या उतरवल्या, आणि खोडाच्या मधोमध आल्यावर करवतीनं अशी किंकाळी फोडली की मी हातातलं ताट टाकलं. साखळी तुटली होती. “बाई, ह्याच्यात लोखंड हाय की,” तो कपाळाला हात लावून म्हणाला. मी जवळ गेले. तार बाहेरून केव्हाच दिसेनाशी झाली होती. झाडांमधला ताणलेला भाग तेवढा दिसायचा, वेढा कुठं गेला हे कोणी पाहिलंच नव्हतं. तो आत होता. भोवतालचं लाकूड शाईसारखं काळं पडलेलं. तारेच्या वर खोड सुटलेलं आणि खाली बारीक, घट्ट नाडी बांधली की माझं पोट दिसतं तसं.

म्हणजे मी ज्याला महिनोन्‌महिने पाणी पाजलं तो तहानेनं मेलाच नव्हता. त्याचा गळा आवळला गेला होता. भूकंपात घर पडलं तर जीव वाचावा म्हणून बांधलेल्या तारेनं!

मी तशीच वळून लिंबाकडं गेले. तिथंही तेच. सालीचे दोन ओठ एकमेकांवर मिटलेले आणि फटीतून अर्धं बोट तार दिसत होती. वर पाहिलं तर शेंडा विरळ झालेला. कधीपासून झाला होता कोण जाणे. मी रोज त्याच्याखालून जात होते, पण आंब्याच्या काळजीत वर बघितलंच नव्हतं. तिथं उभी राहून मी माझ्या गेलेल्या नवऱ्यावर इतकी संतापले की मोठ्यानं ओरडायलाच लागले. सांगत होते ना! रुतून राहिली म्हणून सांगत होते ना! खोलीतल्या पोरींनी खिडकीतून पाहिलं आणि हळूच खिडकी लावून घेतली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नांदेडला फळबागांच्या कामात आहे. तिला बोलावलं. तिनं खोड ठोकून पाहिलं, फरशीवर पाय आपटला, आणि शाळेत उत्तर चुकल्यावर मी जसा चेहरा करायचे तसा केला.

“बाई, तार उपसून काढायची न्हाई. झाडानं गिळली ती. ओढाल तर होती ती सालबी जाईल.”

“मग?”

“दिसते तिथं तोडून टाका, म्हणजे ताण तरी सुटंल. ही फरशी उखडा. अन्‌ पाणी बुंध्यात नका ओतत जाऊ. म्हाताऱ्या झाडाचं तोंड लांब असतं, फांद्यांची सावली संपते तिथं. वरचा भार थोडा कमी करू. बाकी, चैत्रात कळंल.”

मी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जेवताना तिनं विचारलं, “एकट्याच राहता?” मी म्हटलं, “न्हाई, पोरी हायत की.” तिनं एक पोळी जास्त घेतली, आणि ते मला बरं वाटलं.

मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो गरीब स्वभावाचा आहे, माझ्यावर त्याची माया आहे. पण त्याला माझं म्हणणं कळेना. “आई, काढून टाक झाड. उद्या फांदी पत्र्यावर पडली, पोरींना लागलं, म्हणजे? नाहीतर सरळ ती जागा विकून टाकू, तू इकडं ये.” तिकडं त्याच्या घरात बाल्कनी आहे, लिफ्ट आहे, सकाळी आठला दोघंही बाहेर पडतात आणि दिवेलागणीला येतात. तिथं मी राहून आले आहे. दिवसभर टीव्हीतली माणसं बोलतात. इथं निदान झाडाशी भांडता येतं. मी म्हटलं, चैत्रापर्यंत थांब. लिंब जगला तर मी इथं, गेला तर येते तिकडं. असा शब्द मी त्याला दिला. तो हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करते.

मी गंमत करत नव्हते. ह्यांची पकड कपाटातून काढली, स्टुलावर चढले आणि फटीत दिसणारी तार तोडली. तुटताना टण्‌ असा आवाज झाला. अजून ताण होता तिच्यात! मग माणूस लावून फरशी उखडली. खाली माती नव्हतीच जणू, पांढरट, दगडासारखी पडलेली. तिच्यात शेणखत घातलं. फांद्यांच्या सावलीच्या कडेनं चर काढला आणि त्यात पाणी सोडायला लागले. चिखल झाला, पोरींच्या चपला पुन्हा भरायला लागल्या. एकीची आई आली होती, ती म्हणाली, “मावशी, इतकी छान फरशी होती, काय केलं हे?” मी म्हटलं, झाडाचा दवाखाना चालू आहे. तिला ते पटलं नसावं.

तो हिवाळा मी लिंबाकडं बघण्यात घालवला. शाळा नाही, भाभी नाहीत, हे नाहीत. पोरी पहाटे क्लासला जायच्या आणि आल्या की पुस्तकात डोकं. त्यांचं काही चुकत नव्हतं, त्या माझ्याशी गप्पा मारायला लातूरला आल्या नव्हत्या. दर दोन वर्षांनी नव्या पोरी. पोरींची नावं पाठ होईस्तोवर त्यांचा निकाल लागलेला असतो. डॉक्टर झालेल्या दोघी-तिघी संक्रांतीला मेसेज पाठवतात. मी लिंबाला म्हणायचे, तू तरी टिक रे बाबा. पानगळ झाली तेव्हा मला कळेना की ही नेहमीची आहे की शेवटची.

चैत्र लागला. पाडव्याला मी चघळायला चार कोवळी पानं शोधत होते. शेंड्याला काही नव्हतं. मधल्या फांद्यांनाही नाही. गल्लीच्या टोकाला देवळाजवळचा एक लिंब राहिलाय, तो तांबूस पालवीनं भरून गेला होता. आमचा तसाच काड्या वर करून उभा. मी मनात हैदराबादची बॅग भरायला घेतली होती. आठवड्याभरानं चरात पाणी सोडताना खोडावर हात टेकला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. तारेच्या खाली, माझ्या खांद्याच्या उंचीला, सालीतून फुटवे आले होते. एक नाही, चांगला झुबका. तारेच्या वर सगळं वाळलेलं, तारेच्या खाली सगळं जिवंत.

विद्यार्थिनीनं फोटो पाहून सांगितलं, “बाई, झाड वाचलं. पण वरचं गेलं. तारेखालून कापून घ्या.”

कापलं. आता अंगणात माझ्याएवढं खोड आणि त्याच्या डोक्यावर पोरीच्या शेंडीएवढा हिरवा झुबका. त्याची सावली माझ्या पाटालासुद्धा पुरत नाही. पत्र्याच्या खोल्या मेपर्यंत अशा तापल्या की पोरींनी दोनदा कूलर लावून पाहिला आणि मग ओशाळत सांगितलं, “आजी, आम्ही शेजारच्या होस्टेलला जातो. परीक्षा आहे ना.” मी म्हटलं, जा गं, मी काय रागावते की काय. त्यांच्या गाद्या उचलायला मीच मदत केली. आता भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो, पण ओळखू येत नाही.

म्हणजे लिंब जगला आणि मी इथं राहिले, कबूल केल्याप्रमाणे. आणि ते भांडण मी जिंकले. पुराव्यासकट जिंकले, तारेचा तुकडा अडकलेला आंब्याचा ओंडका अजून न्हाणीच्या मागं पडलेला आहे. हे असते तर त्यांना त्याच्यासमोर उभं केलं असतं. ते टोपी मागं सारून म्हणाले असते, “बरं, तुझं खरं.” एवढे तीन शब्द ऐकायला मी आयुष्यभर भांडले. ते ऐकू येणार नाहीत हे मला माहीत आहे, पण दिवसातून एकदा तरी त्यांची चीड येतेच, आणि चीड आली की थोडा वेळ एकटं वाटत नाही.

परवा सकाळी चहा गाळत होते. कपबशी वाजली. मला वाटलं माझाच धक्का लागला. मग मांडणीवरची सगळी भांडी एकदम कुजबुजली आणि पायाखालून ते ओळखीचं गुरगुरणं गेलं. शेजारच्या होस्टेलातून पोरी धडाधड जिने उतरून रस्त्यावर आल्या, फोन लावायला लागल्या, हसायलाही लागल्या. त्यांच्यातल्या कोणाचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मी गाळणं हातात धरून ओट्याशीच उभी होते. सगळं थांबल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मी माझा दंड पुढं केला होता. कोणीतरी धरून ओढील म्हणून.

नांदेडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. “अक्का, आमच्याकडं पंखा हलला गं! तू बाहेर आलीस का न्हाई?”

“आले की,” मी म्हणाले.

फोन ठेवला आणि म्हटलं, निदान आजच्या दिवस बाहेर झोपावं. ते म्हणत होते, भूकंप परत येतो, आणि आला की. ह्या एका बाबतीत त्यांचंही खरं होतं, हे मी मोठ्यानं म्हणून टाकलं. मग लोखंडी खाट लिंबापाशी न्यायला काढली. पायाकडून धरून दारापर्यंत ओढली, तिथं तिचे पाय उंबऱ्याला अडले. उशाकडची बाजू कुणीतरी उचलून धरल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. ती बाजू नेहमी हे धरायचे. मी आतून ढकलून पाहिली, बाहेर येऊन ओढून पाहिली. हाक मारली असती तर होस्टेलातलं कोणीही आलं असतं. पण हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांचंच नाव येईल असं वाटलं, म्हणून मिटलं. खाट तशीच दारात राहिली, अर्धी घरात आणि अर्धी अंगणात, आणि मी उशाकडच्या बाजूला बसून संध्याकाळपर्यंत रडले.